बाबेलच्या बंदिवासांतील सांत्वन

संदेष्टा म्हटला म्हणजे पुढें घडणाऱ्या गोष्टी आधीं सांगणारा मनुष्य, अशी समजूत आपल्याकडे बहुतेक सर्वत्र आढळते. पंचांग उघडून मुहूर्त सांगणारा जोशी आपल्या परिचयाचा असतो, आणि इब्री संदेष्टे हे त्याच वर्गांतले, फक्त अधिक पुरातन, असें पुष्कळांस वाटतें. इब्री भाषेंत मात्र संदेष्ट्याला ‘नाबी’ म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ काय हें निर्गमाच्या ग्रंथांत एके ठिकाणीं फार चांगलें कळून येतें. मोशे जिभेचा जड होता. त्याला फारोपुढें बोलण्याची भीति वाटे. तेव्हां देवानें त्याचा भाऊ अहरोन हा त्याचा ‘नाबी’ होईल असें ठरवून दिलें. म्हणजे ज्याचें म्हणणें त्याच्या वतीनें दुसऱ्यास सांगणारा, तो नाबी. उद्यां काय होणार हें सांगणें त्याच्या कामांत कधीं कधीं येतें; परंतु देव आज काय म्हणतो तें सांगणें हें त्याचें नित्याचें काम.

आणि तें काम बहुधा कडूच असे. आमोस हा तकोवा गांवचा मेंढपाळ. त्यानें धान्याचे व्यापारी माप लहान करितात आणि वजन मोठें करितात, हें भर सभेंत बोलून दाखविलें. अशा माणसांच्या तोंडून सांत्वनाचे शब्द निघतील असें कोणास वाटणार नाहीं. तथापि जगांतील दुःखी माणसांना जेथून सर्वांत अधिक धीर मिळाला, अशा लेखांत या कठोर माणसांचे लेख पहिल्या ओळींत बसतात. हें कसें झालें, त्यांच्या सांत्वनाची जात कोणती, आणि आपण ख्रिस्ती लोक तें आपलें कां म्हणतों, हें विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना थोडक्यांत सांगावें असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम इतिहास पाहूं. यहूदाचें राज्य लहान होतें. विस्तारानें आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढें म्हटलें तरी चालेल. एकीकडे मिसर, दुसरीकडे बाबेल, आणि मध्यें हें चिमुकलें राज्य. ख्रिस्तपूर्व ५९७ सालीं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यरुशलेम घेतलें आणि तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार, कारागीर व लोहार यांस धरून नेलें. गादीवर बसविलेल्या सिद्कीयानें पुढें बंड केलें. मग दीर्घ वेढा पडला, शहरांत अन्न उरलें नाहीं, आणि ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास तट फुटला. शलमोनानें बांधिलेलें मंदिर जाळण्यांत आलें. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याचे मुलगे मारिले, आणि नंतर त्याचे डोळे काढिले. म्हणजे त्यानें शेवटचें जें पाहिलें तें हेंच. उरल्यासुरल्या लोकांना पायीं चालवीत शेंकडों कोस दूर बाबेलास नेलें.

घर गेलें, शेत गेलें, माणसें गेलीं, एवढेंच हें दुःख नव्हतें. त्या काळीं सर्व राष्ट्रांची समजूत अशी होती कीं, जें राष्ट्र हरलें त्याचा देवही हरला. बाबेलमध्यें मर्दुक देवाच्या मूर्तीची मोठी मिरवणूक निघे, आणि यरुशलेमाहून आणिलेलीं पवित्र पात्रें त्याच देवाच्या भांडारांत पडलीं होतीं. अशा ठिकाणीं एखाद्या यहूदी मुलानें आपल्या बापाला, ‘आपला देव कोठें आहे?’ असें विचारिलें असेल, तर बापानें काय सांगावें?

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या लोकांस सांत्वन देणारे पुष्कळ होते. सर्वांत लोकप्रिय होता गिबोनचा हनन्या नांवाचा संदेष्टा. पहिली टोळी पाडाव झाल्यावर तीनचार वर्षांनीं त्यानें मंदिरांत सर्व लोकांसमोर जाहीर केलें कीं, दोन वर्षांच्या आंत बाबेलचें जूं मोडेल, पात्रें परत येतील, राजा परत येईल. त्या वेळीं यिर्मया संदेष्टा आपल्या मानेवर लांकडी जूं घालून फिरत असे. बाबेलच्या सत्तेखालीं मान द्यावी लागेल, हें लोकांना डोळ्यांनीं दिसावें म्हणून. हनन्यानें तें जूं काढून सर्वांदेखत मोडलें. लोकांस किती आनंद झाला असेल! यिर्मयानें काय केलें? तो प्रथम ‘आमेन’ म्हणाला. परमेश्वर तसें करो, असेंच त्यालाही वाटत होतें. त्याचा देश त्यालाही प्रिय होता. मग तो निमूटपणें निघून गेला. मला हा प्रसंग फार आवडतो. खरा संदेष्टा वाईट बातमी सांगण्यास उतावीळ नसतो, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहण्याची त्याला लाज वाटत नाहीं. नंतर त्याला वचन प्राप्त झालें तेव्हां तो परत आला, आणि लांकडी जूं मोडून लोखंडी जूं मिळालें, असें त्यानें हनन्यास सांगितलें. हनन्या त्याच वर्षीं मरण पावला. दोन वर्षें गेलीं. कोणी परत आलें नाहीं.

याच सुमारास यिर्मयानें बाबेलांतील लोकांस एक पत्र पाठविलें. घरें बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, मुलांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत तुम्हांस नेलें आहे त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा, असा त्याचा आशय आहे. शत्रूच्या नगरासाठीं प्रार्थना! त्याच पत्रांत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. ती ऐकून किती जणांचीं तोंडें उतरलीं असतील याची कल्पना करा. सत्तर वर्षें म्हणजे पत्र ऐकणाऱ्या चाळिशींतल्या माणसानें स्वतः कधींही घरीं जावयाचें नाहीं. जाईल तर त्याचा नातू. तरीही यिर्मया या पत्रांत देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहींत, असें सांगतो. या पत्रांतील त्या आश्वासनाचे शब्द आपण सुंदर अक्षरांत लिहून भिंतीवर टांगतों. त्याच्या अगोदरचीं सत्तर वर्षें मात्र त्या पाटीवर लिहीत नाहीं.

हें पत्र केवळ कागदावर राहिलें नाहीं, याचा पुरावा आज आपल्या हातीं आहे. बाबेलच्या उत्खननांत मातीच्या भाजलेल्या विटांसारख्या पाट्या सांपडल्या. त्यांतील कांहीं १९३९ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांत राजवाड्याच्या कोठींतून कोणास किती तेल दिलें याचा हिशेब आहे, आणि त्या यादींत यहूदाचा राजा यहोयाखीन व त्याचे पांच मुलगे यांचीं नांवें आहेत. कारकुनानें लिहिलेली ही रूक्ष नोंद. परंतु अडीच हजार वर्षांनीं ती बायबलांतील बंदिवान राजाची साक्ष देते. २०१४ सालीं आणखी शंभराहून अधिक पाट्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील कित्येक बाबेल प्रांतांतील एका गांवच्या आहेत, आणि त्या गांवाचें नांवच ‘यहूदानगर’ असें होतें. तेथें यहूदी नांवांचे शेतकरी जव पिकवितात, खजुराच्या बागा राखितात, सारा भरितात, कर्ज घेतात व फेडितात. सर्वांत जुनी पाटी ख्रिस्तपूर्व ५७२ ची, म्हणजे यरुशलेम पडल्यावर अवघ्या चौदापंधरा वर्षांची. लोकांनीं यिर्मयाचें पत्र वाचलें होतें कीं नाहीं हें त्या पाट्या सांगत नाहींत. त्यांनीं घरें बांधिलीं आणि मळे लावले, एवढें मात्र त्यांवरून स्पष्ट दिसतें.

यिर्मयानें स्वतः काय केलें तेंही पाहण्यासारखें आहे. वेढा पडलेला, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत, आणि त्याचा चुलतभाऊ हनमेल त्याच्याकडे अनाथोथ येथील शेत विकावयास आला. तें शेत त्या वेळीं शत्रूच्या छावणीखालीं होतें. असला सौदा कोण करील? यिर्मयानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें. शेकेल म्हणजे वजनानें अदमासें आपला एक तोळा. तेव्हां सतरा तोळे चांदी म्हणावयास हरकत नाहीं. त्यानें खरेदीखत लिहून साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती बारूख नांवाच्या आपल्या लेखकाच्या हातीं दिल्या, आणि त्या मातीच्या मडक्यांत घालून ठेवावयास सांगितलें, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशांत पुन्हां घरें, शेतें व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा त्याचा अर्थ त्यानें सांगितला. गंमत अशी कीं, नगर पडणार म्हणून जन्मभर सांगत आलेला हा मनुष्य नगर खरोखर पडूं लागलें तेव्हां जमीन घेतो. ज्यानें लोकांना खोटा धीर कधीं दिला नाहीं, त्याच्या या सतरा तोळ्यांना म्हणूनच एवढी किंमत आहे.

मडक्यांत ठेविलेला लेख किती टिकतो हें जगानें १९४७ सालीं पाहिलें. मृत समुद्राजवळ कुमरान येथील एका गुहेंत मातीच्या मडक्यांतून इब्री लेखांच्या गुंडाळ्या सांपडल्या; त्यांत यशयाचा संपूर्ण ग्रंथ होता. ही गुंडाळी सुमारें चोवीस फूट लांब असून तींत चोपन्न स्तंभ आहेत, आणि ती ख्रिस्तजन्माच्या शेंसव्वाशें वर्षें आधींची मानितात. तिच्या बत्तिसाव्या स्तंभाच्या अगदीं शेवटच्या ओळीवर यशयाचा चाळिसावा अध्याय सुरू होतो. वरच्या अध्यायांत हिज्कीया राजाला, तुझें सर्व भांडार एके दिवशीं बाबेलास जाईल, असें सांगितलें आहे. आणि लागलीच खालच्या ओळींत सांत्वनाची आज्ञा येते. मध्यें जीं दीडशें वर्षांचीं संकटें गेलीं, तीं त्या दोन ओळींच्या मधल्या जागेंत आहेत. हा पुढचा भाग बंदिवासाच्या काळींच कोणा अज्ञात संदेष्ट्यानें लिहिला, असें आज बहुतेक विद्वान मानितात. सर्व ग्रंथ एकाच यशयाचा मानणारेही आहेत. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं, कारण हे शब्द बंदिवासांतल्या लोकांसाठीं आहेत याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत आहे.

या अध्यायाचा पहिला शब्द ‘नहमू’ हा दोनदां येतो. तो आज्ञार्थी आहे आणि अनेकवचनी आहे. म्हणजे देव येथें लोकांशीं सरळ बोलत नाहीं. तो दुसऱ्या कोणास तरी, लोकांचें सांत्वन करण्याचें काम सोंपवितो. हें बारकाईनें पाहिलें पाहिजे. दुःखी मनुष्य स्वतःचें सांत्वन स्वतः करूं शकत नाहीं. तें बाहेरून यावें लागतें, आणि देवही तें बहुधा कोणाच्या तरी हातीं पाठवितो. पुढें सांगितलें आहे कीं, यरुशलेमच्या हृदयाशीं बोला. हा इब्री वाक्प्रचार आहे, आणि तो आणखी कोठें येतो तें पाहिलें म्हणजे त्याची गोडी कळते. ज्या भावांनीं योसेफाला विकलें, ते बाप मेल्यावर भयानें कांपत त्याच्यापुढें आले, तेव्हां योसेफ त्यांच्या हृदयाशीं बोलला. परदेशी विधवा रूथ दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचीत होती. बवाजाच्या ममतेच्या बोलण्यावर तिनें हेच शब्द काढिले. अपराध्याला आणि निराश्रिताला ज्या स्वरानें बोलतात, त्या स्वरानें देव या उद्ध्वस्त नगराशीं बोलावयास सांगतो. नगराला शिक्षा झाली, ती न्याय्य होती, आणि ती आतां पुरी झाली, या तीनही गोष्टी त्यांत आहेत. शिक्षा झालीच नाहीं असें म्हणणारें सांत्वन हनन्याचें.

अध्यायाच्या मधल्या भागाबद्दल थोडेंच सांगतों, कारण तो ज्यानें त्यानें घरीं मोठ्यानें वाचावा हें बरें. अरण्यांत राजमार्ग तयार होतो. सर्व मनुष्यजात गवताप्रमाणें सुकते आणि देवाचें वचन टिकतें. सामर्थ्यानें येणारा प्रभु मेंढपाळ होऊन कोंकरांना कवेंत घेतो आणि दुभत्या मेंढ्यांना हळूहळू नेतो. पावसाळ्यापूर्वीं आपल्या घाटमाथ्यावरून परतणारे धनगर ज्यांनीं पाहिले आहेत, नुकतें जन्मलेलें कोंकरूं घोंगड्यांत घेऊन चालणारा धनगर ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस याची टीका वाचावी लागणार नाहीं. मग संदेष्टा आकाशाकडे बोट दाखवितो. येथें तो कोठें उभा आहे हें विसरूं नये. बाबेल हें ज्योतिषाचें माहेरघर. तेथें ग्रहताऱ्यांना देव मानीत आणि त्यांच्या गतीवरून राजांचीं भवितव्यें सांगत. त्या नगरांत हा बंदिवान म्हणतो कीं, हे तारे म्हणजे एक कळप आहे. त्यांचा धनी रोज रात्रीं त्यांस नांवांनीं हांक मारून मोजतो आणि एकही चुकत नाहीं. ज्यांची भीति बाळगावयाची त्यांना त्यानें मेंढरें करून टाकिलें. बेल आणि नबो यांच्या मूर्ति जनावरांच्या पाठीवर लादाव्या लागतात आणि थकलेलीं जनावरें वांकतात, असेंही हाच ग्रंथ पुढें दाखवितो. त्याच्या उलट इस्राएलाचा देव आपल्या लोकांना जन्मापासून केस पिकेपर्यंत स्वतः उचलून नेतो. मिरवणूक पाहत उभ्या असलेल्या त्या मुलाच्या प्रश्नाला हें उत्तर होतें.

आतां मुख्य गोष्ट. एवढें सर्व सांगून झाल्यावरही लोकांची तक्रार येते कीं, आमचा मार्ग देवाला दिसत नाहीं, आमच्या न्यायाकडे त्याचें लक्ष नाहीं. संदेष्टा रागावत नाहीं. देव थकत नाहीं आणि थकलेल्यांना बळ देतो, एवढेंच तो सांगतो. तरुणसुद्धां थकतात व जवान ठेंच लागून पडतात; परंतु परमेश्वराची वाट पाहणारे नवें बळ पावतात. या ‘वाट पाहणें’ शब्दाच्या धातूपासूनच ‘तिक्वा’ हा शब्द झाला आहे. त्याचा अर्थ आशा. आणि यरीहोच्या राहाबेनें आपल्या खिडकींत जो तांबडा दोर बांधिला होता, त्या दोरालाही तेथें हाच शब्द आहे. तेव्हां इब्री मनुष्याची आशा म्हणजे मनांतली हुरहूर नव्हे. ती हातांत धरावयाची वस्तु आहे. ‘नवें बळ’ याच्या मुळाशीं जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘बदलणें’. योसेफानें तुरुंगांतून निघतांना कपडे बदलले तेथें तोच धातु आहे, आणि ईयोबाच्या ग्रंथांत तोडलेल्या झाडाला पुन्हां धुमारा फुटतो तेथेंही तोच. आपलें संपलेलें बळ पुन्हां थोडें वाढतें असें नव्हे. तें ठेवून दुसऱ्याचें घ्यावयाचें असतें.

आणि त्या बळानें काय करावयाचें? तीन क्रिया दिल्या आहेत: गरुडासारखें उडणें, धांवणें आणि चालणें. व्याख्यानशास्त्र शिकलेला कोणीही हा क्रम उलटा लावील. चालण्यापासून चढत चढत उडण्यापर्यंत नेऊन टाळ्या घेईल. संदेष्ट्यानें उडण्यापासून आरंभ करून चालण्यावर शेवट केला. याचें कारण मला असें दिसतें कीं, बाबेलपासून यरुशलेमपर्यंतची वाट उडून जावयाची नव्हती. कित्येक महिन्यांची ती पायपीट होती, लहान मुलें व म्हातारीं माणसें बरोबर होतीं. संकटाच्या पहिल्या दिवशीं आपल्या अंगीं कोठून तरी अवसान येतें. शेजारीपाजारी धांवून येतात, आपणही धांवतों. चवथ्या महिन्यांत कोणी येत नाहीं, आणि तेव्हां रोज उठून चूल पेटवावी लागते, मुलांस शाळेंत पाठवावें लागतें. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला निकालाचा दिवस कठीण जातो हें खरें. त्याहून कठीण जातो तो नव्या मुलांबरोबर त्याच वर्गांत बसण्याचा जून महिना. ज्या पालकांच्या घरीं या वर्षीं कोणाची जागा रिकामी झाली आहे, त्यांना हा क्रम मी समजावून सांगावयास नको.

बंदिवास संपला. ख्रिस्तपूर्व ५३९ सालीं पारसाचा राजा कोरेश यानें बाबेल घेतलें आणि यहूदी लोकांस परत जाण्याची मोकळीक दिली. यशयाच्या ग्रंथांत त्याचें नांव दोनदां येतें, आणि देवानें त्याला ‘मशीहा’ म्हणजे अभिषिक्त म्हटलें आहे. परंतु तूं मला ओळखीत नसतांना मीं तुला हांक मारिली, असा भावही तेथेंच आहे. १८७९ सालीं बाबेलच्या अवशेषांत हर्मझ्द रस्सम यांस कोरेशाची एक लेखांकित मातीची नळकांडी सांपडली. ती लांबीनें जेमतेम वीतभर आहे, आणि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें असते. २०१३ च्या डिसेंबरांत ती मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत दर्शनास आणिली होती. तींत कोरेश आपल्या विजयाचें श्रेय मर्दुकाला देतो, देवदेवतांच्या मूर्ति आपापल्या ठिकाणीं परत पाठविल्याचें व लोकांस त्यांच्या वस्तींत परत नेल्याचें सांगतो; यहूदी लोकांचें नांव तींत नाहीं. म्हणजे ज्याच्या हातून सुटका झाली त्याला ती कोणाची सुटका हें धड ठाऊकही नव्हतें. यशयाच्या वाचकाला याचें नवल वाटूं नये.

परतीचा प्रवास मात्र वैभवाचा झाला नाहीं. पुष्कळ लोक बाबेलांतच राहिले. जे आले त्यांनीं मंदिराचा पाया घातला, तेव्हां ज्यांनीं पहिलें मंदिर पाहिलें होतें ते म्हातारे रडूं लागले आणि तरुण आनंदानें ओरडूं लागले. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले कीं, रडणें कोणतें व हर्ष कोणता हें ओळखूं येईना. मंदिर ख्रिस्तपूर्व ५१५ च्या सुमारास पुरें झालें, पण राजा परत आला नाहीं. पारस गेल्यावर ग्रीक आले, मग रोमी. तेव्हां संदेष्ट्याच्या वचनाचें काय झालें? तें खोटें ठरलें, कीं त्याचा अर्थ त्या परतीच्या प्रवासाहून मोठा होता?

ख्रिस्ती मंडळीचें उत्तर येथून सुरू होतें. लूक सांगतो कीं, यरुशलेमांत शिमोन नांवाचा एक वृद्ध मनुष्य इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहत होता. पांचशें वर्षें झालीं तरी तो अजून वाटच पाहत होता. त्याच्या हातीं राहाबेचा दोर होता असें म्हणूं. त्या वृद्धाच्या हातांत एक दिवस चाळीस दिवसांचें बालक देण्यांत आलें. मार्क आपल्या शुभवर्तमानाचा आरंभच अरण्यांतील त्या वाणीपासून करितो. येशू नासरेथच्या सभास्थानांत उभा राहिला तेव्हां त्यानें यशयाचीच गुंडाळी उघडली. आणि शेवटच्या रात्रीं, आपण जाणार हें ऐकून शिष्य खचले असतां, त्यानें त्यांना पवित्र आत्म्याचें वचन दिलें. तेथें योहानानें वापरलेला ‘पॅराक्लीत’ हा ग्रीक शब्द, यशयाच्या ग्रीक भाषांतरांत ‘नहमू’ बद्दल जो शब्द आहे त्याच धातूपासून झाला आहे. ज्याला हांक मारली असतां जवळ येऊन उभा राहतो तो, असा त्याचा अर्थ. बाबेलांत देवानें सांत्वनासाठीं दुसऱ्या कोणास पाठविलें. ख्रिस्तामध्यें तो स्वतः आला, दुःखी माणसाचें दुःख स्वतः भोगून आला, असें आपण मानितों. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांतील दुःख सोसणारा सेवक आपल्याला क्रूसाजवळ दिसतो तो यामुळेंच. हॅन्डेलनें आपला ‘मसीहा’ हा प्रसिद्ध संगीतग्रंथ रचिला, तो १७४२ सालीं डब्लिन येथें प्रथम गाइला गेला. त्यांत पहिलें गायन या चाळिसाव्या अध्यायाचेंच आहे.

परंतु हें वचन प्रथम ज्यांना मिळालें, त्यांच्याकडून तें आपण काढून घेऊं नये. मंदिर जळालें त्याचा शोकदिन यहूदी लोक आब महिन्याच्या नवमीस उपास करून पाळितात, आणि त्यानंतरच्या शब्बाथाला सभास्थानांत हाच अध्याय वाचितात. त्या शब्बाथाचें नांवच ‘नहमू’. त्यासाठीं दूर जावयास नको. पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत शतकानुशतकें तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम बंद ठेवणारे आपले बेने इस्राएल बंधु, ज्यांस गांवकरी शनवार तेली म्हणत, त्यांची मातृभाषा मराठीच. त्यांचें मुंबईतील पहिलें सभास्थान मांडवी भागांत १७९६ सालीं स्थापन झालें. त्याचें नांव ‘शाअर हाराहामीम’, म्हणजे दयेचें द्वार. डॉक्टर जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले, त्यांनीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत लिहिलें, आणि मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुलें शिकलीं. आपण व ते एकाच अध्यायापुढें बसतों. अर्थाविषयीं आपला भेद आहे, आणि तो प्रामाणिकपणें मान्य करावा.

मराठींत हा अध्याय ज्यांनीं आणिला त्यांत एक नांव येथें सांगितलेंच पाहिजे. पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळांत अन्नावांचून गेले. पाठोपाठ थोरली बहीण गेली. १८८० त भाऊ गेला, १८८२ त पति गेले. उरली एक मुलगी, मनोरमा. केडगांवच्या मुक्ति सदनांत शेंकडों अनाथ स्त्रियांचा संसार सांभाळीत असतां रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि खेड्यांतल्या बायांना समजेल अशा सोप्या मराठींत संपूर्ण बायबलाचें भाषांतर हातीं घेतलें. छपाईचें काम त्या सदनांतील स्त्रियाच करीत. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंचें वय तेव्हां त्रेसष्ट वर्षांचें होतें, आणि प्रकृति ढासळली होती. काम अजून पुरें व्हावयाचें होतें. त्या पुन्हां मेजापाशीं बसल्या, १९२२ सालीं आपल्या मृत्यूच्या अगदीं थोड्या दिवसांपूर्वीं त्यांनीं तें पुरें केलें, आणि मुक्ति छापखान्यांत तयार झालेला तो ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.